कोल्हापूर ते शिरोडा : एका रस्त्याचे वाचन

वाङ्मयाचा इतिहास शिकविताना आम्ही मंडळी लेखकांना कालखंडांच्या खणांत बसवितो. वि. स. खांडेकर १९२० ते १९४५च्या खणात, शिवाजी सावंत पौराणिक कादंबरीच्या, जयवंत दळवी स्वातंत्र्योत्तर कथा-कादंबरी आणि नाटकांच्या. महादेव मोरे ग्रामीण साहित्याच्या घटकात, आणि तेही सत्र संपत आले असताना वेळ उरला तर. कोल्हापुराहून निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी करीत शिरोड्याच्या समुद्राला भिडणारा रस्ता मात्र यांतले काहीच मानत नाही. त्याला हे चौघेही सारखेच शेजारी.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही सातजण त्या रस्त्याने सायकलींवरून गेलो. पाच प्राध्यापक, सगळे चाळिशीतले, आणि दोन विद्यार्थी. अंतर पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास. तरुण सायकलपटू ते एका दिवसात कापतात, आम्ही दोन दिवस घेतले. खांडेकर १९२० साली शिक्षक म्हणून शिरोड्यास गेले आणि १९३८ साली ते गाव सोडून कोल्हापुरास आले. त्यांची वाट आपण उलटी जाऊन पाहावी, एवढेच निमित्त. लेखकाचे गाव पाहिल्याने लेखन अधिक कळते, यावर आमच्यात एकमत नव्हते, आजही नाही. दुसरे कारण उघडपणे कोणी बोलत नव्हते. विशेष मराठीच्या वर्गात या वर्षी चार विद्यार्थी होते आणि जूनमध्ये तो वर्ग भरेल की नाही, हे कोणीच सांगू शकत नव्हते. विभागाची सहल म्हणून जे काही असते, ते कदाचित शेवटचे.

पाच सायकली गिअरच्या, एक भाड्याची. सातवी विद्यार्थिनीची. आठवीत असताना शाळेतून मिळालेली साधी लेडीज सायकल. पुढे टोपली, मागे कॅरिअर. रोज गावापासून महाविद्यालयापर्यंत येऊन-जाऊन वीस किलोमीटर ती याच सायकलवर करते. चढावर तीच सर्वांत पुढे असे आणि वर पोहोचली की रस्त्याकडेला उभी राहून आमची वाट पाही. सर्वांत मागच्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग, असा नियम ठरला होता. त्याचा लाभ कोणाला झाला, हे सांगावयास नको.

कागलच्या पुढे महामार्गावर राज्याची हद्द ओलांडली तरी कानावरची मराठी तीच राहते. पाट्यांची लिपी तेवढी बदलते. निपाणी तंबाखूचे गाव. तंबाखू उत्पादकांचे १९८१चे आंदोलन इथलेच. मोऱ्यांनी इथे पिठाची गिरणी चालविली आणि गॅरेजांतली, टॅक्सीतळांवरची माणसे लिहिली. २०२४ साली ते गेले. चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो तेव्हा शेजारी एक मेकॅनिक ट्रकखाली पाठीवर पडून वरच्या पोराला पान्याचा नंबर सांगत होता. शिवी, नंबर, पुन्हा शिवी. आमच्यापैकी एकाने मोऱ्यांवर प्रबंध लिहिला आहे. तो चहा निवेपर्यंत नुसता ऐकत राहिला.

आजऱ्याला मुक्काम. ज्या घरी उतरलो तिथे घनसाळ तांदळाचा भात शिजत होता आणि त्याचा वास अंगणापर्यंत येत होता. सावंतांचा जन्म या गावचा. ‘मृत्युंजय’ १९६७ची, तिच्यातले हस्तिनापूर वाचताना आजरा कोणाच्या मनात येत असेल, असे वाटत नाही, आणि तसे यावे असा आमचा आग्रहही नाही. पण या गावाला वळसा घालणारी हिरण्यकेशी पाहून एक गोष्ट ध्यानात आली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या उगमाकडे, प्रवाहाच्या उलट निघणार होतो. ही नदी आंबोलीला उगम पावते. तिथून पश्चिम समुद्र सरळ रेषेत चाळीसएक किलोमीटर. पण ती पाठ फिरवून पूर्वेला निघते, घटप्रभेतून कृष्णेत आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात जाते. भूगोलाच्या पुस्तकात हे एका ओळीत असते. आजरा ते आंबोली पायांनी मोजताना त्या ओळीचा अर्थ पोटऱ्यांना कळतो.

पुढचा प्रकार त्याहून विलक्षण. देशावरून येणाऱ्याला आंबोलीचा घाट चढावाच लागत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर, आंबोली सातशेच्या जवळ. दीड दिवसात आम्ही निव्वळ दीडशे मीटर उंची कमावली, तीही नकळत. आणि मग रस्ता एकदम तुटतो. ती सगळी उंची, आणि कोल्हापुरात जन्मापासून असलेलीसुद्धा, दाणोलीपर्यंतच्या वळणांत संपून जाते. उतार म्हणजे सुख, हा समज तिथे टिकत नाही. ब्रेक आवळून बोटे बधिर होतात, रिमा हात लावू नये इतक्या तापतात. भाड्याच्या सायकलीचे ब्रेक निम्म्या घाटात ढिले पडले, तेव्हा नियमानुसार सगळेच उतरले आणि सायकली हातात धरून चालू लागले. खाली हवा दमट, माती तांबडी, भाषा हेल काढणारी. आमच्यातील एकजण दरवर्षी ‘प्रादेशिकता’ शिकवितो. तो म्हणाला, पन्नास मिनिटांचा तास दोन वळणांत आटोपला.

सावंतवाडीनंतर दुपारी समुद्रावरचा वारा समोरून आला आणि शेवटचे वीस-पंचवीस किलोमीटर घाटाहून जड गेले. शिरोड्यात पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. मिठागरे जी उरली आहेत, त्यांत पाणी आटत होते. कडेला मिठाचे ढीग. इथे १९३०च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. ‘हृदयाची हाक’ ही खांडेकरांची पहिली कादंबरी त्याच वर्षीची, आणि १९३४ची ‘उल्का’ही शिरोड्याच्याच दिवसांतली.

तिथे बांधावर बसून त्या मुलीने विचारले, “सर, अठरा वर्षं ते इथं राहिले. मग त्यांच्या पुस्तकांत समुद्र नुसता कशासारखा तरी का असतो? मीठ काढणारी बाई कुठंय?”

उत्तरे तीन मिळाली. एकाच्या मते त्या काळची ध्येयवादी कादंबरी परिसराकडे पाहण्यासाठी जन्मलीच नव्हती. माणूस कसा असावा, हा तिचा विषय. मॅडमना हे पटले नाही. त्या म्हणाल्या, गरीब शाळेतला मास्तर विद्यार्थ्यांच्या घरातले दारिद्र्य रोज पाहत होता, ते सोसण्यासाठीच त्याने उपमा वापरल्या असतील. अलंकार हा नेहमी दागिनाच असतो असे नाही, कधी ते फडकेही असते, जखमेवरचे. तिसरा म्हणाला की हे वाक्यच खांडेकरी झाले. आम्ही हसलो, मॅडमही हसल्या. मुलगी मात्र हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिले आणि विचारले, “दळवींचं गाव किती लांब?”

आरवली शिरोड्याला लागूनच आहे. पाय दुखत असतानाही जाता आले. वेतोबाच्या देवळात नवसाच्या भल्यामोठ्या चपला मांडलेल्या. देव रात्री गावभर फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. खांडेकर कोल्हापुरास निघाले तेव्हा दळवी बारा-तेरा वर्षांचे होते. ‘सारे प्रवासी घडीचे’मधली तऱ्हेवाईक माणसे याच बांधांवरून, याच देवळासमोरून चालत गेली असणार. जे एकाला उपमेत गाठावे लागले, ते दुसऱ्याला शेजारी सापडले. दोघांमधले अंतर सायकलने काही मिनिटांचे, आमच्या अभ्यासक्रमात दोन सत्रांचे.

परतीला टेम्पो केला. हौद्यात सायकली दोरांनी आवळल्या आणि उरलेल्या जागेत आम्ही दाटीवाटीने बसलो. घाट चढताना अंधारात एका नव्या वैकल्पिक अभ्यासपत्रिकेचा आराखडा तयार झाला : एक रस्ता, चार लेखक. श्रेयांक किती, संदर्भग्रंथ कोणते, यावर आंबोलीपर्यंत वाद चालला. घ्यायला विद्यार्थी किती असतील, हे कोणी विचारले नाही. मुलगी टोपलीत डोके टेकून झोपली होती.