नित्य आणि यथाशक्ति

म्हातारपणीं माणसाच्या सवयी घट्ट होतात, असें जें लोक म्हणतात तें खोटें नाहीं. पण त्या सवयी तेव्हां एकट्या त्याच्याच राहत नाहींत, हें सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. आमची पासष्टी उलटून गेली. अकरावीची जुनी मॅट्रिक आम्ही १९७४ सालीं झालों, पुढें मुलांना संस्कृत शिकविण्यांत जन्म गेला, आणि ५८ व्या वर्षीं शाळेनें हारतुरे देऊन निरोप दिला. तेव्हांपासून आमची सकाळ ठराविक क्रमानें चालते. पांचाला उठणें, स्वतःच्या हातानें कपभर चहा करून घेणें (पूजेपूर्वीं चहा, म्हणून शास्त्रार्थ काढणारांनीं क्षमा करावी), स्नान, आणि सहाच्या सुमारास देवघरांत बसून चंदन उगाळणें.

घर जुनें, दारें एकांत एक. त्यामुळें सहाणेवर खोड फिरूं लागलें कीं तो घसघस आवाज माजघर ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत जातो. त्या आवाजावर नातवाला शाळेसाठीं उठविलें जातें, आमचें कुटुंब गुडघ्यांना तेल लावावयास बसतें, आणि सून नळाची तोटी सोडते. भिंतीवर घड्याळ आहे, पण त्याकडे कोणी पाहत नाहीं.

गेल्या श्रावणांत आम्हांस किंचित् कणकण आली म्हणून आम्ही अंथरुणावरच पडून राहिलों. साडेसहा झाले असतील. दाराची कडी हलली नाहीं, पाऊलही वाजलें नाहीं. पण डोळे किलकिले करून पाहतों तों सून चौकटीला हात लावून उभी. तिनें हांक मारली नाहीं. आमच्या अंगावरची शाल वरखालीं होते कीं नाहीं एवढेंच ती पाहत होती. तें दिसल्यावर ती तशीच मागें वळली, आणि क्षणभरानें आंतून भांड्यांचा आवाज येऊं लागला. आम्हीं डोळे मिटून घेतले. इतकीं वर्षें ज्याला आम्ही देवाची पूजा समजत आलों, तें घरच्यांच्या हिशेबीं रोजचें खुशालीचें पत्र होतें तर! त्या दिवशीं तें आलें नव्हतें.

आमचें गांव वाई. येथील प्राज्ञपाठशाळेनें केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश सात खंडांत प्रसिद्ध केला; अशा गांवांत राहून थोडीबहुत मीमांसा कानांवर न पडेल तरच नवल. मीमांसक कर्माचे भेद करतात त्यांत नित्य आणि काम्य असे दोन आहेत. पाऊस पडावा म्हणून केलेली कारीरी इष्टि ही काम्य. संध्यावंदन हें नित्य. नित्य केल्यानें कांहीं मोठें फळ पदरांत पडत नाहीं, न केल्यास मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. शाळेंत हें समजावून सांगतांना मुलें विचारीत, 'गुरुजी, फायदा नाहीं तर करावयाचें कशाला?' आम्ही कांहींतरी शास्त्रीय उत्तर देत असूं. चौकटीला हात लावून उभी राहिलेली सून तेव्हां दृष्टांताला हाताशीं नव्हती.

याच विचारांत पुढें एक मोठी उपयोगाची गोष्ट आहे. काम्य कर्माचीं सारीं अंगें यथासांग व्हावीं लागतात, एक राहिलें कीं फळ गेलें. नित्य कर्म मात्र यथाशक्ति चालतें. अशक्तानें अंगांत थोडें उणें केलें तरी कर्म पार पडतें. आमच्या बरोबरीची मंडळी याच्या नेमकें उलट वागतांना दिसते. मांडी घालवत नाहीं म्हणून एक स्नेही पंगतीलाच येईनासे झाले. दुसऱ्यांनीं घाटाच्या पायऱ्या उतरवत नाहींत म्हणून नदीकडे फिरकणेंच सोडलें. वरच्या पायरीवरून कृष्णा दिसत नाहीं कीं काय? आमचेही गुडघे गेले. चिरंजीवांनीं देवघरांत बसका स्टूल आणून ठेवला तेव्हां आम्ही थोडे कुरकुरलों. आमचें कुटुंब म्हणालें, 'देवांना ठाऊक आहेत तुमचे गुडघे.' विषय तेथेंच संपला.

हातांत कंप आल्यापासून चंदन उगाळण्याचें काम नऊ वर्षांच्या नातीनें मागून घेतलें आहे. एका आप्तांनीं नाक मुरडलें, मुलीच्या हातचें गंध म्हणून. आश्वलायन गृह्यसूत्रांत गृह्याग्नीची सेवा यजमानानें स्वतः करावी, अथवा पत्नीनें, पुत्रानें, कुमारीनें किंवा शिष्यानें करावी असें सांगितलें आहे. जिथें अग्नीला कुमारी चालते तिथें आमच्या शाळिग्रामाला चालणार नाहीं काय? आप्त गप्प बसले. पटलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. नातीचें गंध पाण्यासारखें पातळ होतें हें मात्र खरें. दोनदां सांगितलें, आतां सांगत नाहीं.

तिची परीक्षा असली, किंवा ती आजोळीं गेली, कीं सहाण पुन्हां आमच्याकडे येते. हात कोणाचा हें सुनेला आंतून आवाजावरूनच कळतें. नातीचा भरभर, एका दमांत. आमचा संथ, मधेंमधें थांबणारा. तो थांबा जरा लांबला कीं आंतून ती विचारते, 'अप्पा, चहा टाकूं का?' आमचा कप तिनेंच मघाशीं विसळून पालथा घातलेला असतो.