“मॅडम, नेहमी तुम्हीच सांगत होता ना!”

इंटरचे निकाल लागले, की आमच्या इचोड्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते, “आता डिग्रीला कुठे?” कुणी आदिलाबाद म्हणतं, कुणी निर्मल, तर कुणाचा मामा नांदेडला असतो म्हणून नांदेड. ज्या घरात दिव्यांग मूल आहे, तिथे मात्र प्रश्न वेगळा असतो, “पाठवायचं की नाही?”

माझं माहेर बीदर जिल्ह्यातलं. घरात मराठी, दारात कन्नड. लग्न होऊन इथे आले तेव्हा तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. बाजारात जाताना सासूबाई सोबत असायच्या. त्या बोलायच्या, मी पिशवी धरायची. सहा महिन्यांनी त्या आजारी पडल्या आणि मी एकटी बाजारात गेले, तेव्हा साधं “अर्धा किलो द्या” म्हणता येईना. सासूबाईंनी मायेनेच सांभाळलं होतं, पण त्या मायेत माझं शिकायचं राहून गेलं. दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

पुढे लेक्चरर झाले आणि हीच चूक मी एका विद्यार्थिनीच्या बाबतीत केली.

तिला लहानपणापासून फार कमी दिसतं. शाळेत शेजारची मैत्रीण फळ्यावरचं वाचून दाखवायची, आई रोज सोडायला यायची. इंटरला ती माझ्या वर्गात आली. मी तिला मोठ्या अक्षरांत नोट्स करून दिल्या, परीक्षेसाठी लेखनिकाचा अर्ज भरला, परीक्षा केंद्रावर जाऊन जादा वेळेचं बोलून आले. ती चांगल्या गुणांनी पास झाली. खरं सांगते, तिच्यापेक्षा मलाच जास्त अभिमान वाटला.

डिग्रीच्या पहिल्या सेमिस्टरला ती दोन विषयांत नापास झाली. लेखनिक नव्हता, जादा वेळ नव्हता. निम्मा पेपर कोराच राहिला. वडील म्हणाले, “पुरे झालं आता शिक्षण.” मी रागावून तिला विचारलं, “अगं, मागितलं का नाहीस?”

ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, नेहमी तुम्हीच सांगत होता ना! कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं, मला कुठे माहीत?”

त्या रात्री मला झोप लागली नाही.

शाळेत मुलाची अडचण शिक्षक ओळखतात, घरचे सांगतात. कॉलेजात तसं होत नाही. शेकड्यांच्या वर्गात आपली गरज आपणच तोंड उघडून सांगावी लागते. कायदा पाठीशी आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सवलत त्याने दिली. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण मागितल्याशिवाय यातलं काही आपोआप पुढ्यात येत नाही.

आपल्या तेलुगू मुलखातलंच उदाहरण घ्या. मछलीपट्टणजवळच्या खेड्यात जन्मलेले श्रीकांत बोल्ला जन्मापासून अंध. दहावीनंतर त्यांना विज्ञान शाखा नाकारली गेली. ते कोर्टात गेले, हक्क मिळवला, बारावीला ९८ टक्के घेतले आणि पुढे अमेरिकेत एमआयटीत शिकले. २०२४ साली आलेला ‘श्रीकांत’ हा हिंदी चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. प्रत्येक मूल काही कोर्टात जाणार नाही, पण ऑफिसच्या खिडकीपर्यंत तरी त्याला स्वतः जाता यायला हवं.

म्हणून आता मी इंटरच्या दुसऱ्या वर्षापासूनच तयारीला लागते. अर्ज मुलानेच भरायचा; लिहिता येत नसेल, तर त्याने सांगायचं आणि आपण लिहायचं. “मला हे जमतं, हे जमत नाही, त्यासाठी मला हे हवं,” एवढी तीन वाक्यं त्याला मराठीत, तेलुगूत आणि जमल्यास इंग्रजीत पाठ हवीत. बीदर-भालकीकडच्या घरांनी तिथे कन्नड धरावी. लेखनिकासोबत आधी दोन-तीन सराव पेपर सोडवावेत. बोलून लिहवून घेणं ही वेगळीच कला आहे. शिवाय तीन तासांचा पेपर जादा वेळेसह चार तासांचा होतो, तेवढं बसायची सवय हवी. तेलंगणात जुनं सदरम प्रमाणपत्र असलं, तरी केंद्राचं यूडीआयडी कार्ड काढून ठेवावं. ते देशभर चालतं आणि आपल्या सीमाभागातली मुलं कधी कोणत्या राज्यात शिकायला जातील, सांगता येत नाही.

आणि बसने एकट्याने जाण्याचा सराव. आधी आईने मागच्या सीटवर बसावं, मग पुढच्या खेपेला घरीच राहावं. कर्नाटकातल्या ‘शक्ती’सारखी डिसेंबर २०२३ पासून तेलंगणातही मुली-बायकांना साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये मोफत प्रवासाची सोय झाली. त्यामुळे मुलींच्या बाबतीत तिकिटाची सबब उरली नाही. उरते ती आपली भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण आपण जन्मभर पुरणार नाही, ही भीती त्याहून मोठी नाही का?

माझ्या त्या विद्यार्थिनीच्या वडिलांकडून मी एक सेमिस्टर मागून घेतलं. तिने अर्ज स्वतः तयार केला, तीन वाक्यं घोकली आणि आम्ही तिघी कॉलेजात गेलो. प्राचार्यांच्या दाराशी तिची आई नेहमीप्रमाणे पुढे झाली. मी त्यांचा हात धरला. “ताई, थांबा. तिला जाऊ द्या.”

आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग तिचा आवाज आला, जरा कापरा, पण स्पष्ट, “सर, मला एक सांगायचंय.” आईने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

दहा मिनिटांनी ती बाहेर आली. “परवानगी मिळाली,” म्हणाली, “पण लेखनिक मलाच शोधायचाय.”

मी “मी बघते” म्हणणारच होते. कसंबसं तोंड आवरलं.