आपल्याच घराचा हिशेब

व्यापारी घरातल्या मुलाला आकडेमोडीच्याही आधी एक गोष्ट शिकवली जाते : तिजोरीतला प्रत्येक रुपया पेढीचा नसतो. मालाच्या मोबदल्यात आलेला रुपया आपला. पण एखाद्या विधवेने किंवा बेताच्या पगाराच्या नोकरदाराने विश्वासाने ठेवलेला रुपया त्याच तिजोरीत असला तरी तो आपला नव्हे. त्याचे खाते वेगळे आणि त्याची जबाबदारीही वेगळी. पहिला बुडाला तर नुकसान होते. दुसरा बुडाला तर अब्रू जाते. आयुर्विम्याच्या हप्त्याचा पैसा हा या दुसऱ्या प्रकारचा. आपल्या पश्चात घर उघड्यावर पडू नये म्हणून माणूस तो पोटाला चिमटा घेऊन भरतो, आणि त्याचे फळ बहुधा त्याच्या डोळ्यांआड दुसऱ्याच्या हाती पडते.

हा पैसा कोणाचा आणि तो वापरणाऱ्याने हिशेब कोणाला द्यायचा, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात ज्यांनी लोकसभेत लावून धरला, ते मंत्री नव्हते आणि विरोधी पक्षाचे पुढारीही नव्हते. सत्ताधारी काँग्रेसच्या मागच्या बाकांवर बसणारे ते एक साधे सभासद होते. त्यांचे नाव फिरोज गांधी.

१२ सप्टेंबर १९१२ रोजी मुंबईतील एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वाढले ते अलाहाबादेत. स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. १९४२ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या कन्या इंदिरा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे लखनौच्या ‘नॅशनल हेरल्ड’ या वृत्तपत्राचा कारभार त्यांनी सांभाळला आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते रायबरेली भागातून लोकसभेवर निवडून आले. पंतप्रधानांचे जावई या नात्याने पुढची जागा मिळवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी मागचे बाक पत्करले. आणि पहिली तीन वर्षे तर तिथून त्यांचा आवाज फारसा ऐकूच आला नाही.

डिसेंबर १९५५ मध्ये विमा कायद्याच्या दुरुस्तीवर चर्चा चालू असताना ते बोलायला उभे राहिले, ते पूर्ण तयारीनिशी. त्यांनी भारत इन्शुरन्स कंपनीचा व्यवहार सभागृहापुढे मांडला. कंपनीचे सूत्रधार रामकृष्ण दालमिया हे देशातील अग्रगण्य उद्योगपतींपैकी एक. विमेदारांचा पैसा एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत आणि तिथून तिसरीकडे कसा वळवला गेला, हे त्यांनी पायरीपायरीने दाखवले. त्या भाषणात अलंकार कमी आणि आकडे अधिक होते. मुरलेल्या मुनीमाने खतावणीवर बोट ठेवून ‘ही रक्कम इथून निघाली, पण तिथे जमा झालेली नाही’ असे म्हणावे, तशी त्यांची रीत होती. दालमियांवर खटला चालला, दोन वर्षांची शिक्षा झाली आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

विमाव्यवसाय सरकारी मालकीत घेण्याचा विचार दिल्लीत आधीपासून चालू होता. या भाषणाने त्याची निकड लोकांना पटली. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. देशी-विदेशी विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्थांचा कारभार एकत्र आला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. तोवर देशमुख पदावर राहिले नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला होता आणि अर्थखाते टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे गेले होते.

त्याच सुमारास या मागच्या बाकावरच्या सभासदाने आणखी एक काम हाती घेतले. सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल खासदारावर खटला भरता येत नाही. राज्यघटनेच्या १०५ व्या कलमाने त्याला तसे संरक्षण दिले आहे. पण तेच भाषण छापणाऱ्या वृत्तपत्राला मात्र असे कायद्याचे कवच नव्हते. खासदार निर्भय आणि संपादक भयभीत, अशी ही स्थिती. मग सभागृहातले सत्य जनतेपर्यंत पोहोचायचे कसे? वृत्तपत्राचा कारभार सांभाळलेल्या माणसाला ही अडचण अचूक कळली. संसदेच्या कामकाजाचा खराखुरा वृत्तान्त द्वेषबुद्धीशिवाय छापणाऱ्याला संरक्षण मिळावे, असे खासगी विधेयक त्यांनी मांडले आणि १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला. मंत्री नसलेल्या सभासदाचे विधेयक संमत होणे किती दुर्मीळ! आजवर अशी अवघी १४ विधेयके कायद्याच्या रूपाला पोहोचली आणि त्यांतले शेवटचे १९७० मधले आहे.

विमा सरकारच्या हाती आला, आता पैसा सुरक्षित झाला, असे लोकांना वाटले असल्यास नवल नाही. पण दोन वर्षेही लोटली नाहीत, तोच नवा प्रश्न उभा राहिला. जून १९५७ मध्ये महामंडळाने कलकत्त्याचे हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे शेअर सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांना विकत घेतले. मुंदडा त्या वेळी पैशाच्या मोठ्या ओढाताणीत होते. खरेदी बाजारातून न होता थेट त्यांच्याशी बोलणी करून झाली. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला आधी विचारलेही गेले नाही. सभागृहात प्रश्न आले, तेव्हा सरकारची पहिली उत्तरे मोघम होती.

१६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी पुन्हा उभे राहिले. आज मी जोराचे घाव घालणार आहे आणि उलट घाव त्याहून जोराचे येतील याची मला जाणीव आहे, असे त्यांनी आरंभीच सांगून टाकले. एवढी मोठी गोष्ट घडत असताना गप्प बसणे हाच गुन्हा ठरेल, हे त्यांच्या बोलण्याचे सार होते. मग त्यांनी शेअरांचे भाव सभागृहापुढे ठेवले. तारखांशी भाव ताडून पाहताच महामंडळाने चढी किंमत मोजल्याचे दिसू लागले. बाजार सावरण्यासाठी ही खरेदी केली, असा बचाव पुढे आला. पण बाजारात उठबस असणाऱ्या कोणाही माणसाला पडेल तो प्रश्न इथेही होताच : बाजार सावरायचा होता, तर एकाच माणसाचे शेअर का?

प्रकरण दाबणे अशक्य झाले. जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. मुंबईत उघड सुनावणी झाली. गर्दी एवढी लोटली की, आत काय चालले आहे ते बाहेरच्यांना ऐकता यावे म्हणून ध्वनिवर्धक लावावे लागले. अर्थखात्याचे सचिव, महामंडळाचे अधिकारी आणि खुद्द अर्थमंत्री साक्षीला आले. १० फेब्रुवारीला, नेमणुकीपासून २४ दिवसांत, अहवाल तयार झाला. हा व्यवहार धंद्याच्या रीतीला धरून झालेला नाही आणि सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येणार नाही, हा त्याचा निष्कर्ष. त्याच महिन्यात कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. मुंदडांना पुढे तुरुंगात जावे लागले.

या हकिकतीतील खरी कसोटी मात्र आकड्यांची नव्हती. दालमियांना जाब विचारताना फिरोज गांधी एका उद्योगपतीविरुद्ध उभे होते. त्या वेळी पक्ष आणि सरकार त्यांच्यावर रुष्ट होण्याचे कारण नव्हते. मुंदडा प्रकरणात मात्र समोर त्यांचाच पक्ष होता आणि ते सरकार त्यांच्या सासऱ्यांचे होते. शिवाय ज्या राष्ट्रीयीकरणाचे ते पुरस्कर्ते होते, त्यातूनच जन्मलेली ही संस्था. ‘हे आपलेच आहे, जरा सांभाळून घ्या’ असे म्हणायला सगळी कारणे हजर होती. खासगी मालकाला लावलेले माप त्यांनी सरकारी मालकालाही जसेच्या तसे लावले. मालक बदलल्याने ठेव सुरक्षित होत नाही. हिशेब मागणारा जागा असेल तरच ती सुरक्षित राहते, हे त्यांच्या दोन्ही भाषणांनी मिळून सांगितले.

समाजाच्या बाबतीतही त्यांनी वेगळा काटा वापरला नाही. टाटा हे पारशी समाजाचे भूषण. तरीही टेल्कोकडून रेल्वे घेत असलेली इंजिने जपानी इंजिनांच्या जवळजवळ दुप्पट किमतीला पडतात, असा आक्षेप घेऊन त्या कंपनीच्या राष्ट्रीयीकरणाची मागणी या पारशी खासदाराने केली. समाजात त्यावरून खळबळ उडाली. ही मागणी योग्य होती की नाही, यावर दुमत होऊ शकते. पण ‘आपल्या माणसाला’ सूट देण्याची जी सवय प्रत्येक समाजाला असते, ती त्यांनी स्वतःला लावून घेतली नाही, हे मान्य करावे लागते.

अशा माणसाला घरी सुख किती मिळते? इंदिराजी वडिलांचे घर सांभाळण्यासाठी पंतप्रधान निवासात राहत. फिरोज गांधी खासदारासाठी असलेल्या आपल्या वेगळ्या घरात. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात मित्रांनी वेढलेला त्यांचा कोपरा त्यांच्याच नावाने ओळखला जाई. १९५८ मध्ये त्यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. ८ सप्टेंबर १९६० रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना, दिल्लीत त्यांचे निधन झाले. मंत्रिपद त्यांना कधीच मिळाले नाही.

त्यांच्या कायद्याची कथा मात्र तिथे संपली नाही. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, तो रद्द करण्यात आला आणि रद्द करणारे सरकार इंदिराजींचे होते. १९७७ मध्ये सत्तांतर झाल्यावर तसाच कायदा पुन्हा करण्यात आला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘३६१ अ’ हे नवे कलम घालून त्या संरक्षणाला राज्यघटनेतच स्थान दिले. पतीने बांधलेली भिंत पत्नीच्या राजवटीत पडली आणि परक्यांनी ती अधिक भक्कम करून पुन्हा उभारली. आज संसदेतील चर्चेचा वृत्तान्त कोणतेही वृत्तपत्र निःशंकपणे छापते, तेव्हा त्यामागे मागच्या बाकावरच्या एका सभासदाचे श्रम आहेत, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

एकत्र कुटुंबाच्या पेढीवर कधी ना कधी असा प्रसंग येतोच. धाकटा भाऊ किंवा जावई एखाद्या नोंदीवर बोट ठेवतो आणि विचारतो, ‘ही रक्कम कुठे गेली?’ क्षणभर सारे घर स्तब्ध होते. कोणी त्याला उद्धट ठरवतो, कोणी घरभेद्या म्हणतो. वडीलधाऱ्यांच्या शहाणपणाची परीक्षा त्या क्षणी होते. प्रश्न विचारणाऱ्याला गप्प केले तर त्या दिवसापुरती शांतता लाभते. वही उघडून दाखवली तर पुढच्या पिढीसाठी पत शिल्लक राहते. दिवाळीला वहीची पूजा होते. ती वही कोणालाही निःसंकोच दाखवता यावी, एवढ्यासाठीच ती कोरी करकरीत आणि स्वच्छ अक्षरात सुरू करायची असते.