धक्का कुणी घ्यायचा?

मुलांनो, अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला गेलात, तर 1994 साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय चुकवू नका. तिथल्या ‘विजयंता’पुढे जरा थांबा. त्याची 105 मिलिमीटरची तोफ गोळा पुढे फेकते, तेव्हा स्वतः मागे सरकते. तो धक्का तेलाने भरलेली नळकांडी झेलतात, जवळजवळ दर वेळी सारखाच. रायफलीचा धक्का मात्र माणसाच्या खांद्याला झेलावा लागतो!

मग रायफल सैल धरली, तर गोळीचा वेग घटेल? होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे जाते आणि उडी तोकडी पडते. (पोहता येत नसेल तर करून बघू नका हं!) इथे तसंच होतं, पण रायफल 4 किलोची आणि गोळी 10 ग्रॅमची, म्हणजे होडी 400 पट जड. सेकंदाला 800 मीटरच्या वेगात फरक पडेल फार तर मीटरभराचा.

खरी गडबड दुसरीच. गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल मागे सरकू लागते, नळीचं तोंड किंचित उचलतं. पकड बदलली की हे उचलणंही बदलतं. वेग तोच, पण नेम हुकला! कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवलं, ते गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभ्याने नेम धरून. प्रत्येक वेळी रायफल खांद्यात नव्याने बसवायची!