मामाच्या गावचा समुद्र

“मामा, समुद्रपूरला समुद्र कुठे आहे हो?”

एस.टी.तून पाय खाली टेकतो न टेकतो तोच भाचेमहाराजांनी हा प्रश्न केला. वय वर्षे अकरा, मुक्काम पुणे. आमच्या गावी येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला तो एकदा पडतोच, आणि आम्ही गावकऱ्यांनी त्याचे उत्तरही ठरवून ठेवले आहे, की तुम्ही येणार असे कळले आणि तो कालच आटला! पण त्या दिवशी मला थट्टा सुचली नाही. कारण या प्रश्नामागून दुसरा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते, आणि तो आलाच.

“मग वॉटर पार्कला कधी जायचं?”

वाचकहो, चूक माझीच. उन्हाळ्यात फोनवर बोलता बोलता मी शब्द देऊन बसलो होतो की दिवाळीला या, नागपूरजवळच्या वॉटर पार्कला मामा घेऊन जाईल. उन्हाळ्यात शेतकऱ्याला सगळेच शक्य वाटते. पुढे ऐन कापणीच्या वेळी पाऊस लागून राहिला, सोयाबीन काळे पडले, आणि जे बाजारात गेले त्याने दुकानदाराची उधारीसुद्धा फिटली नाही. तिकीट माणशी नऊशे रुपये. म्हातारी आई वगळली तरी आम्ही सातजण. माझ्या कापसाचा जवळजवळ एक क्विंटल त्या पाण्यात जाणार होता.

मी भाऊजींना काही बोललो नाही. पण त्यांनी ओळखले असावे. रात्री जेवणे झाल्यावर ते सुपारी कातरता कातरता सहज म्हणाले, “तिकिटांचं मी पाहतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” माणूस भला, बोललाही भलेपणाने, पण दिवाळीला सासुरवाडीस आलेल्या जावयाने मेव्हण्याच्या शब्दाचे पैसे भरायचे, हे मला फार लागले. मी शेजाऱ्याकडून उसने आणायला म्हणून चपला शोधू लागलो. ओसरीवर आई बसली होती. तिला अंधारातही सगळे दिसते.

“कुठी चालला रे?” ती म्हणाली. “बस खाली. उद्या पोट्ट्यायले गिरडले ने. पहाडी चढाले कोनी तिकीट मागत नाई.”

मुलांचे तोंड उतरले. गेल्या वर्षी ती खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन आली होती. २०१३ साली उघडलेली ही अजस्र जत्रा मी पाहिलेली नाही, पण भाच्याने तिच्यातल्या उलट्या फिरणाऱ्या गाड्यांचे असे वर्णन केले की माझ्याच पोटात ढवळले. या सगळ्या बागांचा मूळपुरुष म्हणजे वॉल्ट डिस्ने. त्याचे डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात उघडले. तिथे दरवाजाचे तिकीट वेगळे आणि आतल्या खेळांच्या तिकिटांची पुस्तके वेगळी अशी रीत १९८२ पर्यंत होती. म्हणजे आपल्या जत्रेतल्या पाळण्याचीच रीत की! हे मी भाच्याला सांगितले. त्याने ते ऐकून घेतले, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गिरडची एस.टी. धरली. आणि मौज तिथेच सुरू झाली. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्या माणसांना एस.टी. फुकट आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. मुले तर पूर्वीपासूनच अर्धी. तेव्हा आमच्या त्या वरातीत पूर्ण पैशांचे गिऱ्हाईक म्हणजे मी आणि भाऊजी, दोघेच! कंडक्टरने आईच्या हातात शून्य रुपयाचे तिकीट ठेवले. सात वर्षांच्या भाचीने ते चारदा उलटसुलट करून पाहिले. पैसे नाहीत आणि तिकीट मात्र आहे, हा प्रकार तिला इमॅजिकातही दिसला नव्हता.

गिरड आमच्याच तालुक्यातले. टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. नवसाला हिंदू येतात, मुसलमान येतात. कोण कोणता हे चढण चढताना कळत नाही, धाप सर्वांना सारखीच लागते. आई पायथ्याशीच एका झाडाखाली बसली. तिथे नवस फेडायला आलेल्या मंडळींनी तीन दगडांच्या चुली मांडल्या होत्या आणि फोडणीचा वास सुटला होता. मुले पुढे पळाली. मी अर्ध्यावर पोचलो तोवर भाचा गुडघे टेकून जमीन उकरू लागला होता.

“मामा, हे जायफळ आहे?”

त्याच्या तळहातावर एक गोल, खडबडीत, जायफळाएवढा दगड होता. या टेकडीवर असे दगड विखुरलेले आहेत. कुणी सुपारीसारखा, कुणी खारकेसारखा. मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली. दोन बंजारे व्यापारी माल लादून इथून चालले होते. त्यांनी बाबांची टिंगल केली, आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. मग ते पाया पडले. बाबांनी वाळलेल्या पाल्याचा त्यांना नवा माल करून दिला. पण व्यापारी काही पुढे गेले नाहीत. ते बाबांच्या सेवेतच राहिले. दोन कबरी त्यांच्या म्हणून दाखवतात. इंग्रजांनी छापलेल्या गॅझेटियरातही ही कथा आली आहे.

“पण खरं काय?” भाच्याने विचारले. पुण्याचा तो!

खरे तेही काही कमी नवलाचे नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख पातळ, तापलेल्या लाव्ह्याखाली बुडाला. थरावर थर आले आणि थिजून काळा कातळ झाला. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, जसे भाकरीला फोड येतात तसे. पुढे त्या पोकळ्यांतून पाणी झिरपले, पाण्यातली खनिजे आत साचत गेली आणि पोकळीच्या आकाराच्या गोट्या तयार झाल्या. त्यांना जिओलाईट म्हणतात. वरचा कातळ झिजून माती होतो, गोट्या मोकळ्या पडतात. आमची कापसाची काळी जमीन त्याच कातळाची झालेली आहे.

भाचा बराच वेळ गप्प राहिला. मग खालच्या सपाट, काळ्या-हिरव्या शिवाराकडे बोट करून म्हणाला, “म्हणजे इथे समुद्र होता! गरम.”

इतकी वर्षे मी या गावात राहतो, मला हे सुचले नव्हते.

तिघांनी खिसे भरले. माझ्या मुलीने फ्रॉकच्या ओच्यात भरले. खाली उतरलो तर आईला चुलीवाल्या मंडळींनी पत्रावळीवर जेवायला वाढले होते. ओळख ना पाळख. आम्हालाही बसवले. भाऊजी संकोचत होते, पण वाढणाऱ्या बाईने “पाहुने, नाई म्हनू नका जी” असे म्हटल्यावर काय करतील? घरून नेलेल्या दशम्या तशाच परत आल्या.

पाडव्याला आमच्याकडे गायगोधन असते. गुराखी गाई रंगवून, झेंडूच्या माळा घालून वाजतगाजत आणतात, शेणाच्या गोधनावरून त्यांना नेतात. गोवारी मंडळी ढाल घेऊन नाचतात. भाची एका वासराच्या मागे लागून जी हरवली ती तासाभराने दुसऱ्याच आळीत सापडली. तिच्या नव्या फ्रॉकची कथा सांगत नाही.

भाऊबीजेला सकाळी शेतात गेलो. पहिली वेचणी सुरू व्हायची होती, त्याआधी सीतादही करायचे म्हणून सौ.ने दहीभात बांधून घेतला होता. पऱ्हाटीजवळ पूजा झाली, दहीभात शिवारात शिंपडला, आणि मग बायका ओळीने कामाला लागल्या. मुलांनाही ओट्या बांधून दिल्या. कापूस वेचणे हे दिसते तसे सोपे नाही. बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्यांची टोके बोटांना टोचतात, कचरा येऊ न देता चारी फाकी एका झटक्यात सुटाव्या लागतात. भाची दहा मिनिटांत धुऱ्यावर जाऊन झोपली. भाचा मात्र हटून राहिला. दुपारी तराजूवर घातला तर कापूस भरला तीन किलो.

“याचे मला किती मिळतील?”

“वेचणीचा भाव किलोला दहा रुपये. तीस.”

त्याने शेजारच्या बाईचे गाठोडे पाहिले. तिचे चाळीस किलो रोजचेच. मग धुऱ्यावर बसून त्याने काडीने मातीत काहीतरी मांडले, खोडले, पुन्हा मांडले. भाऊजी लांबून पाहत होते. मला वाटले, आता पोरगा शहाण्यासारखे म्हणेल, की मामा, नको ते वॉटर पार्क. तो म्हणाला, “एका तिकिटाला नव्वद किलो. मला जायचंच आहे.”

भाऊजी मोठ्याने हसले, आणि किती दिवसांनी मीही.

संध्याकाळी ताईने ओवाळले. ताटात मी शंभराची नोट टाकली. दरवर्षी पाचशेची असते. ताईने ती उचलून माझ्याच खिशात कोंबली. म्हणाली, “मला तो पोराने वेचलेला कापूस दे. वर्षभराच्या वाती होतील.”

परतीची गाडी वर्ध्याहून रात्रीची होती. तेव्हा दिवसा सेवाग्राम आणि पवनार उरकले. बापूकुटीत शिरायला तिकीट नाही. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते, सेवाग्राम पुढे १९४० साली झाले. आश्रमातल्या मातीच्या घरांत भाच्याला काय आवडावे? तिथे ठेवलेला जुना टेलिफोन! पवनारला विनोबांच्या आश्रमाखाली धाम नदी खडकांतून वाहते. तिथे मुले कपड्यांसकट पाण्यात उतरली आणि हाका मारूनही बाहेर येईनात. आश्रमाची जमीन खणताना विनोबांना सापडलेले राम-भरत भेटीचे शिल्प मी आणि भाऊजींनी दोघांनीच पाहिले.

गाडीत बसवून मी घरी परतलो तेव्हा खूप रात्र झाली होती. सकाळी कोठीचे दार उघडायला गेलो तर दारावर खडूने, भाच्याच्या अक्षरात लिहिलेले दिसले : “जमा ३. बाकी ८७. पुढच्या दिवाळीला. दार पुसू नये.”