आधी तहकीक, मग ठपका

रिमोट चालेनासा झाला की घरोघरी तेच होते. सेल गोल फिरवले जातात, रिमोट तळहातावर आपटला जातो आणि शेवटी घरातल्या लहान मुलाला जाब विचारला जातो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे दादींच्या पंख्याचा रिमोट बंद पडला. गुडघ्यांमुळे त्यांना रात्री उठून बटणापर्यंत जाता येत नाही. नवे सेल घालूनही पंखा हलेना. कारागीर म्हणाला, “पंख्यातले सर्किट बदलावे लागेल.” आलेले पाहुणे म्हणाले, “पोराने पाडला असेल.” सात वर्षांचा धाकटा रडवेला झाला. तेव्हा अब्बांनी आठवण दिली, की सूरह हुजुरात ऐकीव गोष्टीची शहानिशा करायला सांगते आणि बदगुमानीपासून रोखते. मग ठरले, आधी तहकीक करायची.

रिमोटच्या टोकाला असलेला छोटा दिवा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. तो साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो आणि आपल्या डोळ्यांना ७०० च्या आसपासपर्यंतच दिसते. म्हणून दिवा चालू आहे की बंद, हे नुसते पाहून कळत नाही. बहुतेक रिमोटमध्ये हा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. ही लय ओळखणारा टीएसओपी १७३८ नावाचा तीन पायांचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो.

पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या थोरलीने तो आणला आणि आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो. फुगीर बाजू आपल्याकडे धरली की डावा पाय ऋण, मधला धन आणि उजवा संदेशाचा. (दुसऱ्या क्रमांकाच्या सेन्सरमध्ये हा क्रम बदलतो, तो दुकानात विचारून घ्यावा.) मोबाइलच्या जुन्या चार्जरचे ५ व्होल्ट धन आणि ऋण पायांना दिले. लाल एलईडीचा लांब पाय १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून धनाला आणि आखूड पाय संदेशाच्या पायाला जोडला. एरवी या पायावर व्होल्टेज असते, म्हणून दिवा विझलेला राहतो. रिमोटचा संदेश आला की ते खाली येते आणि दिवा लुकलुकतो.

प्रथम टीव्हीचा चांगला रिमोट दाबला. दिवा लुकलुकला, म्हणजे आमचे यंत्र ठीक होते. दादींच्या रिमोटचे मात्र एकही बटण दिवा लावीना. मग रिमोट उघडला. जुना सेल पाझरून स्प्रिंगच्या आतल्या जोडावर हिरवट थर साचला होता. थर खरवडला, जोडाला नवे सोल्डर लावले आणि बटण दाबताच लाल दिवा लुकलुकला. पंखाही फिरला. पंख्याचे सर्किट निर्दोष होते आणि धाकटाही. दादींनी त्याला जवळ ओढून घेतले.

या परीक्षेला मर्यादा आहे. दिवा लुकलुकला तर रिमोट प्रकाश सोडतो, एवढेच कळते. तो संदेश त्याच यंत्रासाठी आहे की नाही, ते कळत नाही. ऊन थेट पडले तर सेन्सर फसू शकतो, म्हणून सावलीत तपासावे. काही उपकरणांचे रिमोट रेडिओ लहरींवर चालतात, त्यांना हा दिवा उत्तर देणार नाही.

तरीही वस्तू फेकण्याआधी हे करून पाहावे. दुरुस्त होणारी वस्तू टाकणे हा इस्राफच आहे. वापरात नसलेल्या रिमोटमधून सेल काढून ठेवावेत, म्हणजे ते आत पाझरत नाहीत. आणि मुलाला काही विचारायचे असेल, तर ते तपासणीनंतर विचारावे.