एका किलोत सातशे काजू

मार्च महिन्यात सावंतवाडीहून वेंगुर्ल्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजूच्या बागा दिसू लागतात. लाल मातीचे उतार, पसरट झाडं आणि फांद्यांना लटकलेले लाल-पिवळे बोंडू. प्रत्येक बोंडूच्या टोकाला एक करडी बी. हवेत पिकलेल्या बोंडूंचा गोडसर, थोडा आंबूस वास भरलेला असतो. कोकणात आपण समुद्र, मासे आणि आंब्यासाठी जातो. पण एकदा खास काजूसाठी जाऊन बघा. दिवाळीच्या डब्यातला काजू तिथून आल्यावर वेगळाच वाटायला लागतो.

पाहुणा झाला घरचा

काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला आणि तिथून तो किनाऱ्यावर पसरला. खडकाळ, उताराच्या जमिनीतही तो तग धरतो, म्हणून कोकणाला मानवला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' अशा जाती तयार केल्या. त्यांची कलमं लवकर धरतात आणि बीही मोठी असते. १९९० मध्ये महाराष्ट्र सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली, तेव्हा पडीक डोंगरांवरही काजू उभा राहिला. आज सिंधुदुर्गाबरोबरच घाटावरच्या आजरा आणि चंदगडमध्येही अनेक घरांचं वर्षाचं गणित काजूवर चालतं.

हे गणित सोपं नाही. मोहोराच्या वेळी आभाळ भरून आलं की शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो. ढेकण्या नावाची कीड कोवळ्या पालवीतला आणि मोहोरातला रस शोषते आणि मोहोर करपतो.

बी ते गर

पिकलेला बोंडू आपोआप खाली पडतो. घरातली माणसं सकाळी बागेत जाऊन तो वेचतात, पिळा देऊन बी वेगळी करतात आणि अंगणात दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात. पुढचं काम मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात, घरामागच्या शेडमध्ये पाहिलं. बिया वाफवून रात्रभर निवायला ठेवल्या होत्या. सकाळी बायका कटरसमोर बसल्या. पात्यांमध्ये एक बी ठेवायची, पायाने दांडा दाबायचा, हाताने मूठ फिरवायची, की टरफल दोन भागांत उघडतं आणि गर बाहेर येतो.

मी उत्साहाने बी उचलायला गेले, तर शेजारच्या काकूंनी अडवलं. "आधी हाताक खोबरेल लाव, मगे काजीक हात लाव." टरफलातलं तेल दाहक असतं. त्याने कातडी भाजते आणि बोटं काळी पडतात. हेच तेल पुढे रंगांत आणि गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये वापरलं जातं.

गर ड्रायरमध्ये सुकवला की वरची तांबूस साल सुटी होते. ती हलक्या हाताने काढायची, कारण गर अख्खा राहिला तर त्याचा भाव वेगळा आणि पाकळी झाली तर वेगळा. शेवटी प्रतवारी. पाकिटावरचं 'डब्ल्यू ३२०' म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे काजू. आकडा जितका लहान, तितका काजू मोठा. म्हणजे ३२० नंबरच्या एक किलोत सुमारे सातशे काजू झाले. त्यातला प्रत्येक काजू कुणीतरी एकेक करून फोडलेला, सोललेला आणि निवडलेला. त्यासाठी साधारण साडेतीन ते चार किलो बी लागते.

पैसा कुठे थांबतो

भारतातले काजू कारखाने फक्त देशी बियांवर चालत नाहीत. आफ्रिकेतल्या देशांतून जहाजं भरून बी येते. ती स्वस्त मिळाली की कोकणातल्या बीचा भाव उतरतो. शेतकऱ्याला शाळेची फी, मजुरी आणि पुढचं लग्न समोर दिसत असतं. तो मिळेल त्या भावाने बी व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. तीच बी फोडून, सोलून, डब्यात भरली की तिची किंमत कितीतरी वाढते. ही वाढ गावाबाहेर झाली तर गावाच्या वाट्याला फक्त बीचे पैसे येतात.

म्हणून गावातली छोटी युनिट्स महत्त्वाची. काही एका कुटुंबाची असतात, काही बचत गटांची. बी नीट वाळवली तर टिकते, त्यामुळे ज्याच्याकडे साठवायला जागा आणि हातात थोडं भांडवल आहे, तो भावासाठी थांबू शकतो. बायकांना घराजवळ काम मिळतं. खरी अडचण येते विक्रीची. माल चांगला असला तरी शहरातल्या चकचकीत पाकिटांसमोर तो दिसतच नाही.

बोंडूची गोष्ट तर आणखी वेगळी. बीपेक्षा तो कितीतरी जड आणि रसाळ, पण दिवसभरातच नासायला लागतो. गोव्यात त्याच्या रसापासून हुर्राक आणि फेणी बनते. सिंधुदुर्गात मात्र बराचसा बोंडू झाडाखालीच कुजतो. थोड्यांचंच सरबत किंवा सिरप होतं.

तुम्ही गेलात तर

फेब्रुवारीअखेर ते मे हा हंगाम. सुरुवातीला बाजारात बायका ओले काजूगर विकायला बसतात. ते महाग वाटले तरी घासाघीस करण्याआधी त्यांची काळी पडलेली बोटं बघा. खानावळीत ओल्या काजूगरांची उसळ मिळाली तर सोडू नका. ओल्या खोबऱ्याच्या वाटणात शिजलेला तो मऊ, गोडसर गर सुक्या काजूची आठवणही येऊ देत नाही.

सुका काजू घेताना बी इथली की बाहेरची, हे सरळ विचारा. गावातल्या युनिटवाले आनंदाने सांगतात, शेडही दाखवतात. भाजीच्या वाटणाला किंवा बर्फीला अख्खा काजू लागत नाही. पाकळी किंवा तुकडा घ्या, चव तीच आणि दर कमी. खवट वास येत नाही ना, हे तपासा. घरी हवाबंद डब्यात, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवा. आणि माल आवडला तर निघताना युनिटचा फोन नंबर घेऊन ठेवा. बरेच जण कुरिअरने काजू पाठवतात. पुढच्या दिवाळीची ऑर्डर थेट त्यांनाच देता येईल.